तलवारच पाहणारे चाचा

बीडला तंबूतला सिनेमा आला की पुढच्या रांगेत एक शिकलगारचाचा ठरलेले असत. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणे हा त्यांचा धंदा. ऐतिहासिक बोलपटात राणी रडत असली तरी ते पाहत फक्त तलवारी. "एवढी लढाई झाली न् पात्याला एक खाच न्हाई? भाजी चिरायला गेलतास का बे?" असे ते पडद्यावरच्या सरदाराला मोठ्याने विचारत आणि सगळा तंबू हसे.

बाळांनो, शाळेच्या नाटकात मी सेनापती झाले, तेव्हा मला भीती त्यांचीच होती. मी डावखुरी, पण बाईंनी तलवार रीतसर डाव्या कमरेला बांधली. भर दरबारात ती डाव्या हाताने निघेना. लोक हसू लागले. तेवढ्यात चाचा उठून थेट रंगमंचावर आले. आता आपली शोभा होणार, असे मला वाटले.

त्यांनी माझा पट्टा फिरवून तलवार उजवीकडे आणली आणि लोकांना दटावले, "हसता कावून? डावऱ्या शिपायाचं म्यान उजवीकडंच असतं." मग मला हळूच म्हणाले, "काढा, सेनापतीसाहेब."

तलवार सरकन निघाली. ती लाकडाची होती, वर चांदीचा कागद चिकटवलेला. त्या पात्याबद्दल मात्र चाचा काहीच बोलले नाहीत.