कन्यादानाचा उपास

गिरडजवळच्या त्या गावात उन्हाळ्यात कोणाकडेही लग्न असलं की पाण्याचं काम लहानूकडे. त्याला ते कोणी सोपवलं नव्हतं. आदल्या दिवशीच तो माठ भरायचा, त्यांना ओलं गोणपाट गुंडाळायचा आणि मग दिवसभर पाहुण्यांवर खेकसायचा. "कान झाका बे! उन्हातून आला ना? दम घे, मंग पे." एकदा बोडक्या डोक्याने मिरवणाऱ्या नवरदेवाच्या मामालाच त्याने दंडाला धरून सावलीत बसवलं होतं. लोक हसायचे. पण लहानू असलेल्या मांडवात ऊन लागून कधी कोणी पडलं नाही.

मग त्याच्याच लेकीचं, अपेक्षाचं लग्न निघालं, तेही मे महिन्यात. कन्यादान होईस्तोवर आई-बापाला उपास असतो, आणि लहानूच्या घरी तर पाण्याचा थेंबही चालत नसे. मुहूर्त सकाळचा, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. पण वरात पारापाशी आली आणि तिथेच अडली. डीजेपुढे नवरदेवाचे मित्र बेभान नाचत होते. मुहूर्ताचं, उन्हाचं कशाचंच त्यांना सोयरसुतक नव्हतं. आणि त्या नाचऱ्यांना पाणी पाजत लहानू भर उन्हात पळत होता.

अपेक्षा शालू नेसून आतल्या खोलीत बसली होती. आई, धुरपता, निदान सावलीत होती. बाप मात्र खिडकीतून उन्हातच दिसत होता. सकाळपासून घामाने चिंब असलेला त्याचा सदरा आता कोरडा पडला होता. उन्हात घाम थांबला की माणूस गेलाच समज, हे तिला त्यानेच सांगितलेलं. ती उठली, तर बायकांनी तिला खाली बसवलं. नवरीने मांडवाआधी उंबरा ओलांडायचा नसतो म्हणे! मग तिने धाकट्या बहिणीला, रूपालीला पेला देऊन धाडलं.

रूपाली भरला पेला घेऊन परत आली. "नाई पेत तो. म्हंते, एक दिवस नाई पेलो तं मरून नाई राह्यलो मी. कन्यादान झालं का पेतो."

लग्न लागायला दुपार कलली. लहानू पाटावर बसला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते, जीभ अडखळत होती. लोकांना वाटलं, लेक चालली म्हणून भरून आलंय. भटजींनी त्याच्या ओंजळीत पाणी घातलं, अपेक्षाने खाली हात धरले. पाणी तिच्या हातांवर पडलं आणि पाठोपाठ बाप तिच्या अंगावर कोसळला. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो संपला होता.

अपेक्षा आता सिंदी मेघेला राहते. उन्हाळ्यातल्या कुठल्याही लग्नात ती आधी नवरीच्या आई-बापाला गाठते, हातात पाणी देते आणि पेला रिकामा झाल्याशिवाय हलत नाही. परवा एका म्हातारीने तिला टोकलंच, "काऊन व, रीत मोडून राह्यली?"

"माह्या लग्नात पाळली न मावशी रीत," अपेक्षा म्हणाली. "नवरी बाहेर जात नाई म्हून बसून राह्यली. बाप समोर दिसत होता मले."