कृषी केंद्रात निघालेला नंबर

माझी नजर उत्तम होती. लोकच अलीकडे अंधूक दिसायला लागले होते.

सिरसाळ्यात माझं कापडाचं दुकान. माझ्या वैष्णवीला मागणी घालायला दिंद्रुडचे पाहुणे यायचे होते. मुलाच्या वडिलांना मी आधी एकदा भेटलोही होतो. गाडी थांबताच मी धावलो. "या व्याही, या!" म्हणत कडक पांढऱ्या शर्टाला मिठी मारली, गादीवर बसवलं, टोपी-टॉवेल दिला. मागून येणाऱ्या साध्या सदऱ्याला म्हणालो, "डायवरसायेब, गाडी तेवढी लिंबाखाली लावा."

त्या माणसाने निमूट गाडी लावली! (खानदानी माणूस.)

गादीवरचा पाहुणा घामाघूम. "मालक, डायवर मी हाय. गाडी लावायला गेलेत ते व्याही!"

आत वैष्णवीने दार लावून घेतलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. व्याही मात्र पोट धरून हसले. "सोयरीक पक्की! पर साखरपुड्याला चष्मा लावून या. न्हाईतर टिळा भलत्यालाच लावताल!"

दुसऱ्याच दिवशी सुमनने, म्हणजे बायकोने, मला परळीला नेलं. एका दुकानापुढं ती थांबली.

"हितं कावून थांबलीस? हे तर कृषी केंद्र हाय. खत घ्यायचंय का?"

"आवं, दृष्टी केंद्र हाय ते! दृष्टी!"

मी तिच्यामागून आत गेलो. पांढऱ्या कोटातली एक तरुण मुलगी समोर आली.

"बाई, डोळ्याला चाकू न्हाई ना लावणार?"

"काका, मी ऑप्टोमेट्रिस्ट. ऑपरेशन मी करत नाही. नजर तपासते, चष्म्याचा नंबर काढते. मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार वाटला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते."

जीव भांड्यात पडला. त्यात माझ्या आधीचे आजोबा तपासणीत अक्षरं मोठ्याने वाचत होते, ती मी माझी पाळी येईपर्यंत बाहेर बसून पाठ केली! खुर्चीत बसताच समोर पाहून घडाघडा म्हणून दाखवली.

"काका," ती हसू दाबत म्हणाली, "अजून अक्षरं लावलीच नाहीत मी."

सुमनने कपाळावर हात मारला.

मग खरी तपासणी झाली. डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, भिंगं बदलून बदलून विचारलं, "आता बरं दिसतंय की आधी?" आजार काही नव्हता, नंबर मात्र चांगलाच निघाला. संध्याकाळी चष्मा हातात!

बाहेर आलो आणि काय सांगू! झाडाचं पान न् पान वेगळं. मी दुकानांच्या पाट्या ओरडून वाचत निघालो. "पिको-फॉल करून मिळेल! गरम जिलेबी! सुमन, लांबचं लई भारी दिसतंय गं!"

"आवं, खाली बघा..."

जवळचं गटार तेवढं बघायचं राहून गेलं. पाय असा मुरगळला, की दुसऱ्या दवाखान्यात पट्टी बांधून घ्यावी लागली.

साखरपुडा थाटात झाला. एकूण एक पाहुणा मी लांबूनच ओळखला. उठून स्वागताला तेवढं जाता येत नव्हतं!