शेजारणीने कोट काढला

बाहेर बर्फ पडतोय आणि लेकीची म्हातारी जर्मन शेजारीण घरात बिनबाह्यांच्या झग्यात बसली आहे. जुना बॉयलर होता तोवर, म्हणजे कालपर्यंत, ती घरातही कोट घालायची. लेकीने काल इमारतीतला तो गॅसचा बॉयलर काढून सांडपाण्यातली ऊब घरोघर पोचवणारा पंप बसवला, तेव्हा हिने बजावलं होतं, "मी गारठले तर जुना परत बसवायला लावीन."

लेकीने भीतभीत विचारलं, "बाई, थंडी वाजते का?"

"उकडतंय! कमी कुठे करायचं ते दाखव," म्हातारी फणकारली. लेकीने हसत मला अर्थ सांगितला.

मी जन्मभर चूल फुंकली आणि आंघोळीचं ऊन पाणी मोरीतून सोडून दिलं. त्यात ऊब उरते, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. लेकीच्या आलं. तोंडावर कौतुक करायची मला सवय नाही. म्हातारीला मात्र मराठीतच सांगितलं, "पोरगी माझी आहे."