व्हॅनवाल्या काकांचा फोन

ग्रुप माझ्या गळ्यात पडला तो माझ्याच उत्साहामुळे. पोरगी तिरोड्याच्या एका इंग्रजी शाळेत केजी टूला होती. पालकसभेत मॅडम म्हणाल्या, आता सगळं ऑनलाइन होणार, सूचना व्हॉट्सॲपवर, फॉर्म मोबाइलवर, हजेरी शाळेच्या ॲपवर. मराठीत भराभर टाइप करणारी एखादी मम्मी पाहिजे. लग्नाआधी मी गोंदियाला टायपिंग शिकले होते आणि लग्नानंतर त्या बोटांनी फक्त कणीक मळली होती. मी हात वर केला. बाकीच्या बायांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी स्वतःहून बोकडाच्या जागी मान ठेवली.

घरी आले आणि सांगितलं की मॅडमनी ॲडमिन केलं, त्याला स्वतःचा मोठा फोन लागतो. तोवर माझ्याकडे फोनच नव्हता. आमच्या ह्यांचं खताबियाण्याचं दुकान, त्यांच्याकडे फोन होता तोच घराचा फोन. सौंदडला माझी माय असते. तिच्याशी बोलायचं तर रविवारी, ह्यांच्या फोनवरून, समोरच्या खोलीत, स्पीकरवर. आधी सासूबाई तिची तब्येत विचारत, मग माझी पाळी यायची. "बरी आहेस?" "बरी आहे. तू?" "बरी." झालं माहेर. सासूबाईंचं म्हणणं असं की सून रोज माहेरी बोलायला लागली की तिचं मन सासरी रमत नाही. त्या काही दुष्ट नव्हत्या. त्यांनाही असंच ठेवलं होतं, आणि त्यांचं मन रमलं होतं म्हणे.

ह्यांनी कुरकुर करत एक जुना टचस्क्रीन आणून दिला. तो टीव्हीच्या स्टुलावर राहील, ग्रुपचं काम झालं की परत तिथेच ठेवायचा, असं ठरलं.

आणि काम म्हणजे काय सांगू! त्या मम्म्यांच्या ग्रुपात मम्मी मी एकटीच. बाकी सगळे नंबर पप्पांचे, कारण फोन पप्पांकडे. धान कापणी सुरू झाली की पप्पा शेतात, बांधीत, फोन त्यांच्या खिशात, आणि उद्या सुट्टी आहे हा मेसेजही त्यांच्या खिशातच. सकाळी चौकात सात-आठ लेकरं टाय लावून उभी राहायची, आणि त्यांच्या आया मला शोधत घरी यायच्या. बाई, तू सांगितलं काऊन नाही? अगं सांगितलं ना, तुझ्या नवऱ्याला विचार. कधी एखादा मेसेज यायचा, 'मी मम्मी लिहून राहिली, पप्पा आंघोळीले गेले, लवकर सांगा उद्या कोणता ड्रेस आहे.' मी जेवण सोडून उत्तर द्यायची, कारण बिचारीकडे एका आंघोळीइतकाच वेळ असायचा. त्यात सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाचं तरी राजकारण, शाळेच्या सहलीचा फॉर्म उघडत नाही म्हणून फोन, उघडला तर बंद होत नाही म्हणून फोन. परक्या पुरुषांचे आवाज ऐकून सासूबाई भांडी जोरात ठेवायच्या. शाळा म्हणायची ग्रुपवर तक्रारी येऊ देऊ नका, पालक म्हणायचे तुम्ही शाळेला बोलत कायले नाही. मधल्या मधे माझं डोकं पिकून जायचं. कितीदा वाटलं की हा फोन विहिरीत टाकून द्यावा.

पण टाकला नाही, त्याला कारण होतं. सकाळी पोरगी व्हॅनमधून गेली की ती शाळेत पोचल्याचं ॲपवर पाहायचं असायचं, आणि आमच्या घरात नेट धड चालत नाही, हे खरंच होतं. मी फोन घेऊन घरामागच्या परसात, सांदवाडीत जायची, तणसाच्या ढिगामागे उभी राहायची आणि मायला फोन लावायची. तिच्याकडे बटणांचा छोटा फोन होता. तिचा नंबर मी 'व्हॅनवाले काका' म्हणून सेव्ह केला होता. खऱ्या ड्रायव्हरचं नाव 'व्हॅन ड्रायव्हर'. ह्यांनी यादी पाहिली तरी रोज व्हॅनवाल्या काकांना फोन करणं ॲडमिनला शोभतच होतं!

फोन उचलला की माय आधी एकच विचारायची. "कोनी आयकून तं नाही राहिलं ना?" तिच्याकडेही वहिनी असायची, माझ्याकडे सासूबाई. नाही म्हटलं की तिचा आवाज मोकळा व्हायचा. आणि बोलायचो काय? वांग्याची भाजी. तिचे गुडघे. गावात कोण गेलं, कोणाच्या पोरीचं जमलं. वहिनी लोणच्याची बरणी वर ठेवते, हात पोचत नाही. मी एकदा नुसतीच रडले, तिने कारण विचारलं नाही, रडू दिलं. चोरून बोलावं असं त्यात एक अक्षर नव्हतं, तरी रोज चोरूनच बोललो. त्या दहा मिनिटांसाठी मी दिवसभर तो ग्रुप सहन करत होते.

मायला सांगून ठेवलं होतं, तू कधीच लावायचा नाही, मीच लावीन. तिने दोन वर्षं पाळलं.

मग एका दुपारी व्हॅन आली नाही. रेल्वे फाटक लागलं असेल म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. पण वेळ होत गेला तशा सासूबाई दारात-घरात करू लागल्या. हे जेवायला आले होते, तेही अर्ध्या ताटावरून उठले. माझे हात तांदळाच्या पिठात होते. तेवढ्यात स्टुलावरचा फोन वाजला. ह्यांनी नाव वाचलं, "व्हॅनवाले काका," आणि सासूबाई म्हणाल्या, उचल, उचल लवकर. मी पिठाच्या हातांनी धावले, पण खोली आमची लहान असली तरी माझ्यासाठी त्या दिवशी फार मोठी होती. ह्यांनी सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"बाई," माय म्हणाली, "कोनी आयकून तं नाही राहिलं ना?"

तिला वाटलं असेल की मी आहे, आणि मी गप्प आहे म्हणजे ठीक आहे.

"तुही वहिनी गोंदियाले गेली. मी एकलीच आहो घरी. म्हटलं, आज पोटभर बोलू."

लाजेने मी मेले. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून फोन लावला होता, आणि ते सगळं घर ऐकत होतं. मी ह्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, माय, सगळे बसले आहेत इथे. तिने ठेवून दिला. बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला आणि पोरगी गळ्यात बाटली लटकवून घरात आली. फाटकच लागलं होतं.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. सासूबाई एवढंच म्हणाल्या की चहा ठेव. ह्यांनी फोन खिशात टाकला आणि उद्यापासून ग्रुप मीच पाहीन म्हणाले. त्या दिवसापासून सकाळी व्हॅन गेली की मी सांदवाडीत जाऊन उभी राहायची, उगाच. तिकडे ती हातात फोन धरून बसली असेल हे मला माहीत होतं, आणि तिला कळवायला माझ्याकडे काही नव्हतं. घरात पाण्यापासून गॅसपर्यंत सगळं होतं, आणि मला श्वास घ्यायला जागा नव्हती.

पण ग्रुप हा ग्रुप होता. दुकानात गिऱ्हाईक युरिया मागत असताना ह्यांना फोन यायचा की गॅदरिंगसाठी फुलपाखराचे पंख कुठे मिळतील. डब्यात काय द्यायचं, हे विचारायला कुठल्यातरी मम्मीचा नवरा फोन लावून तिच्या हातात द्यायचा. पंधरवडा कसाबसा काढला. मग दोन फोनांच्या घोळात ह्यांनी खताचे नवे भाव पालकांच्या ग्रुपवर टाकले, आणि आपल्या शेतकरी गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकलं, 'उद्या सर्वांनी पांढरे मोजे घालून यावे.' दुसऱ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी दुकानात आले आणि गंभीरपणे विचारू लागले की बियाणं घ्यायला मोजे कायले लागतात. संध्याकाळी ह्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. घे बाई, म्हणाले, तुझं तूच पाहा.

नंबर मात्र त्यांनी बदलून ठेवला होता. 'व्हॅनवाले काका' जाऊन, ह्यांच्या नात्याने, 'सासूबाई सौंदड' झालं होतं. आता प्रत्येक कॉल नावानिशी दिसणार होता. मी लावायचं सोडलं नाही. विचारलं तर सांगायचं ठरवलं होतं, आणि कोणी विचारलंही नाही. पण माय बिथरली होती. घरात एकटी असली तरी "बरी आहे, तू बरी आहेस ना," एवढंच बोलायची, रविवारसारखं. माझी बोलणारी माय त्या स्पीकरपायी गेली. लोणच्याची बरणी तिच्या बोलण्यात परत यायला आख्खा पावसाळा जाऊन धान घरी यावं लागलं.

पोरगी चौथी पास झाली. शाळा चौथीपर्यंतच होती, मी ग्रुप दुसऱ्या कोणाकडे दिला. घरात सगळे खूश. सुटली बापा तू एकदाची, असं सासूबाई मनापासून म्हणाल्या. ह्यांनी सहज सांगितलं की पेरणी लागली की फोन माझ्या सासऱ्यांना देऊ, त्यांना शेतात उपयोगी पडेल. मी सांदवाडीत जाऊन मायला सांगितलं की ग्रुप सुटला. मला वाटलं ती हसेल, तिने माझं सगळं रडगाणं ऐकलं होतं.

"मंग फोन?" तिने विचारलं.

नव्या शाळेची पालकसभा जूनमध्ये झाली. हे सोबत होते. नव्या मॅडमनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, आपल्याला पालकांचा एक ग्रुप करायचा आहे, तर तो सांभाळायला... एवढंच. सगळे पालक जमिनीकडे पाहू लागले. माझा हात वर गेला होता. हे हळूच म्हणाले, तुझी हौस फिटली नाही का अजून? मी विचारलं, तुम्ही पाहता? त्यांनीही जमिनीकडे पाहिलं.

बाहेर आलो. हे गाडी काढत होते. मी तिथेच, त्यांच्यापासून चार हातांवर उभी राहून पिशवीतला फोन काढला आणि सौंदडला लावला. म्हटलं, माय, ग्रुप मिळाला.

"कोनी आयकून तं नाही राहिलं ना?"

हे गाडीला किक मारता मारता थांबले होते आणि माझ्याकडेच पाहत होते.

"नाही," मी म्हटलं. "बोल."