बाईंच्या दंडावरची बोटं

निम्मे कपडे दोरीवर आणि निम्मे बादलीत, अशा वेळी नणंद दारात आली. मावशींनी ओले हात पदराला पुसले. पाळीनं मिळालेल्या सुट्टीच्या दिवशी वन्सं कशाला आल्या, हे विचारायची गरज नव्हती. त्यांच्या हातात कागद होता.

विसरभोळेपणाच्या आजारानं घर सुटलेल्या म्हाताऱ्यांच्या निवासात मावशी अकरा वर्षं अंघोळी घालतात. तिथं सगळे त्यांना मावशीच म्हणतात. म्हणणारे बहुतेक त्यांच्याहून तीस वर्षांनी मोठे. नोकरी लावली ती या वन्संनीच. त्या तिथल्या मुख्य परिचारिका. घरात नणंद, कामावर साहेब. तोंड उघडायला जागा कुठली?

काल सकाळी अंघोळ घालताना एका रिटायर शिक्षिकाबाईंच्या दंडावर चार काळेनिळे डाग दिसले, आतल्या बाजूला पाचवा. महिन्यातली ही तिसरी खेप. आधीचे दोघे वेगळ्या खोल्यांतले. काय झालं विचारलं तर बाई म्हणाल्या, वर्गात गडबड नको. मावशींनी नोंदीच्या कागदावर कारणापुढे लिहिलं, 'माहीत नाही'. असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत अशा निवासांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी तपासणी कचेरीला कळवावं लागतं. पडून लागलं असेल तर नाही.

वन्संनी आणलेल्या नव्या कागदावर 'पलंगावरून पडल्या' असं लिहून तयार होतं. फक्त सही हवी होती.

बाई वर्षभरात स्वतःहून कुशीवरसुद्धा वळलेल्या नाहीत, त्या पडतील कशा, असं मावशींनी विचारलं. वन्संही काही दगडाच्या नव्हत्या. रात्रपाळीला वीस जणांमागे दोन बाया, त्याही टिकत नाहीत. चौकशी लागली तर उरल्यासुरल्या पळतील, म्हणाल्या. मग आवाज खाली आला.

"हात दाखवून अवलक्षण कशाला गं? अंघोळ तू घालतेस. संशय पहिला तुझ्यावरच येणार. नोकरी गेली तर मला काही करता यायचं नाही."

मावशी कालपासून तेच घोळवत होत्या. अकरा वर्षांत घाईच्या दिवशी आपलाही हात कधी जोरात पडला नाही, अशी शपथ त्यांना घेता येत नव्हती.

"येऊ द्या, वन्सं. मलाही विचारू देत. बाईंना सांगता येत असतं तर त्यांनीच सांगितलं असतं."

"देवावर सोड की."

"देव बघतोच. पण त्या कचेरीत तो बसत नाही. तिथं मलाच जायला हवं."

वन्संनी कागदाची घडी केली. भावाच्या घरी यायला तू मला तोंड ठेवलं नाहीस, एवढं बोलून, पाणीही न घेता त्या गेल्या.

मावशी जराशा पायरीवर टेकल्या. मग उठून बादलीतले उरलेले कपडे दोरीवर टाकले. नोंदीची कार्बन प्रत लिहिणाऱ्याकडेच राहते. ती त्यांनी पिशवीत घातली, दाराला कुलूप लावलं. कचेरी पाचला बंद होते. दोन बस बदलून तिथं जायचं, प्रत द्यायची आणि पोच घ्यायची.