शेठच्या मेलची किल्ली दुसऱ्या मजल्यावर

सुरतच्या लिंबायतला एका खोलीत आम्ही सहा जण. वडील पॉवरलूमवर, आई घरी साड्यांना खडे चिकटवायची. खड्यांचे डबे सरकवून, त्याच फरशीवर अभ्यास करून मी बी.सी.ए. झाले. घराण्यातली पहिली. हे मी न विचारताही सांगते.

आता कापड मार्केटात कॉम्प्युटर-इंटरनेटची कामं करते. तर त्या दुपारी रमणिकशेठचा फोन. कापड एक्स्पोर्ट करतात. गुजरातीत बोलतात, मी इथं मराठी केलंय.

"बेन, मेल बंद आहे. दुबईवाल्याचं रंगाच्या शेडचं अप्रूव्हल आज आलं नाही तर मिल माझा लॉट काढून दुसऱ्याचा रंगवेल."

"त्यांना जीमेलवर पाठवायला सांगा."

"त्यांच्या सिस्टीममध्ये हाच पत्ता आहे. बदलायचा तर कन्फर्मेशन ह्याच पत्त्यावर येतं."

मार्केटात पोचले. वेबसाइटचा सर्व्हर पडला होता. मेलही त्याच सर्व्हरवर, म्हणून दोन्ही झोपले. हॉस्टिंगवाला सकाळपासून "काम चालू आहे" म्हणत होता.

उपाय सोपा. डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, सेटिंगमध्ये एमएक्स रेकॉर्ड म्हणून एक ओळ असते. ह्या नावाची पत्रं कुठे टाकायची, एवढंच ती सांगते. वेबसाइट पडू दे, ती ओळ दुसऱ्या मेल सर्व्हिसकडे वळवली की मेल सुरू.

त्यासाठी डोमेनचं अकाउंट उघडायचं. पासवर्ड कोणालाच आठवेना. नवा पासवर्ड मागितला, तर त्याची लिंक त्याच बंद मेलवर जाणार. दुसरा पर्याय ओटीपी. मोबाईलचे शेवटचे दोन आकडे चाळीस.

शेठनी आकडे ओळखले.

"कोणाचा नंबर?"

"दिलीपचा."

दिलीपभाई म्हणजे धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या. दुकान, मशिनं, गोडाऊन, देव्हाऱ्यातले देवसुद्धा वाटले. डोमेन वाटायचं राहिलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. दिलीपभाईंची पेढी ह्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर.

मी वर जाऊन ओटीपी हवा म्हणून सांगितलं. दिलीपभाई फोनवर हात ठेवून म्हणाले, "दोन वर्षांत तब्येत विचारली नाही. आता बेनला पाठवलं? त्याला म्हणावं, स्वतः माग."

खाली येऊन निरोप दिला.

"मी नाही जाणार."

"मग शेड अंदाजानं रंगवा."

शेठ उठले. लिफ्ट होती, तरी जिन्यानं गेले. मी लॅपटॉप घेऊन मागे.

"ओटीपी दे," शेठ दारातूनच.

"बस आधी. चहा सांगतो."

"बसायला नाही आलो."

मी ओटीपी मागवला. "भाई, हा दहा मिनिटांत मरतो," मी म्हटलं, "आणि ह्या मार्केटात चहा कधी दहा मिनिटांत आलाय?"

दिलीपभाई हसले. शेठ बसले. सहा आकडे मिळाले.

नव्या सर्व्हिसवर मेलबॉक्स काढले, एमएक्स बदलला. असा बदल सगळीकडे पोचायला वेळ लागतो, म्हणून तासभर थांबलो. चहा तेवढ्यात आला. दुबईवाल्याला फोन करून मेल पुन्हा पाठवायला लावला. पाचला अप्रूव्हल आलं: थोडं गडद आहे, चालेल. शेठनी तिथूनच मिलला फोन केला. लॉट मशिनवर चढला.

"अकाउंटवर आता नंबर कोणाचा टाकू?"

शेठ म्हणाले, "त्याचा राहू दे. खाली माझा टाक."

शिकायचं एवढंच: वेबसाइट आणि मेल एका सर्व्हरवर ठेवू नका. आणि ओटीपी ज्याच्याकडे जातो, त्याच्याशी भांडू नका.

त्यानंतर शेठची वेबसाइट दोनदा पडली. मेल एकदाही थांबला नाही. त्या इमारतीतल्या अकरा पेढ्यांचे मेल आज मी सांभाळते.