पावसाळा सोडून

भाटकरकाका गेल्याचं मला दापोलीच्या एसटी स्टँडवर कळलं. सभा आटोपून निघालो होतो, पाठीवर उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता, आणि कॉलेजातल्या मानसीचा फोन आला. "काका गेले रे. सकाळी अंघोळीला म्हणून उठले आणि..." रत्नागिरीची गाडी उशिरा लागली, वाटेत दोनदा रखडली, आणि मी पोचेपर्यंत खाडीपलीकडच्या त्यांच्या गावात सगळं उरकलं होतं. चार दिवसांनी कॉलेजात गेलो तर सूचनाफलकावर एक कागद. ‘कै. मोहन भाटकर, संगणक कक्ष व नंतर परीक्षा विभाग. मनमिळाऊ, कष्टाळू, प्रामाणिक कर्मचारी. भावपूर्ण श्रद्धांजली.’ शेजारी फी भरायच्या मुदतीची सूचना, ती याच्या दुप्पट लांब. सरळ सांगतो, मला संताप आला. सत्तावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तुम्ही तीन विशेषणांत गुंडाळता? पण फलकापुढे उभं राहून ओरडायला तोंड नव्हतं. ‘व नंतर परीक्षा विभाग’ या चार शब्दांमागे जे दडपलंय ते कॉलेजने दडपलेलं नाही. मी दडपलंय, इतकी वर्षं. आता दमलोय ते सांभाळून. म्हणून हे लिहितोय.

अठ्ठ्याण्णव साली मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेलो, तो एक पत्रक फुकटात जुळवून मिळेल या आशेने. मी मूळचा देवरूखचा, इथे शिकायला आलेला, आणि शिकण्यापेक्षा मोर्चात जास्त असणारा. खाडीच्या तोंडावर एक कंपनी कोळसा उतरवायची जेटी आणि बंधारा बांधणार अशी कुणकुण होती, आणि आम्ही दहाबारा पोरं पेटलो होतो. काकांची खोली जिन्याखाली. अख्ख्या कॉलेजात मिळून एकच मोठं मशीन, आणि त्याला जोडलेले दहाबारा पडदे. भौतिकवाले, मत्स्यवाले, बाहेरचे एकदोन इंजिनिअर, सगळे त्याच एका मशीनवर. त्यातले प्रोग्रॅम ‘मोड्यूल’ म्हणून मांडलेले, ज्याला जे लागेल ते त्याने मागवायचं, काम झालं की सोडून द्यायचं. मांडायचं काम काकांचं. यादी मागितली की प्रत्येक मोड्यूलपुढे एकच ओळ दिसायची, पडद्याच्या रुंदीत मावेल एवढी. आणि मोड्यूलचं नाव देऊन सविस्तर माहिती मागितली की दोनदोन पडदे भरून मजकूर. काका पहिलीला ‘हाक’ म्हणत आणि दुसरीला ‘हकिगत’. दोन्ही मराठीत, इंग्रजी अक्षरं टाइप करून, कारण त्या मशीनला आपली अक्षरं येत नव्हती. "इंग्रजीत लिहिलेलं पोरं वाचल्यासारखं करतात," काका म्हणायचे, "मराठीत लिहिलं की निदान हसायला तरी वाचतात."

आणि हसायला होतंच. एका सदा बंद पडणाऱ्या मोड्यूलपुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘आलेख काढतो. मर्जी असेल तर.’ पत्रकं जुळवायच्या मोड्यूलपुढे माझ्या कृपेने ओळ पडली, ‘मजकूर सुबक मांडतो. घोषणा घरून आणाव्यात.’ पण या थट्टेमागे त्यांचा एक रिवाज होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. नवं मोड्यूल आलं की हाक आणि हकिगत दोन्ही लिहायची, आणि कॉम्प्युटर न कळणाऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायची. बहुतेक वेळा शिपाई भिकाजीला. भिकाजी दारात स्टुलावर बसून ऐकायचा. वाचून झालं की काका विचारायचे, "काय समजलं?" भिकाजीने आपल्या शब्दांत सांगायचं. नाही सांगता आलं तर काका पुन्हा लिहायला बसत. सांगता आलं तर म्हणत, "समजलं? मग लाव." भिकाजीने एंटरची कळ दाबायची. त्याचा तो मान होता.

भिकाजी रजेवर असला की माझ्यावर पाळी यायची. "ये रे पत्रकवाले, तुझ्या कानांचा तरी उपयोग होऊ दे." मी पहिली ओळ ऐकायचो आणि उठायचो. आम्हाला पत्रकाने हेच शिकवलं होतं की जे एका ओळीत बसत नाही ते लोक वाचत नाहीत. काका म्हणायचे, "हाकेने माणूस वळतो फक्त. काम काय आहे ते मग सांगायला नको?" मी म्हणायचो, "काका, माणूस वळला की आमचं काम झालं." माझ्या पाठीमागे ते पुढची ओळ वाचत राहायचे.

खाडीचं मोड्यूल त्यांनी असंच एका दुपारी मला ऐकवलं. बाहेरच्या कुठल्यातरी विद्यापीठात बनवलेलं, मत्स्यवाल्यांनी आणलेलं. हाक होती, ‘खाडीत खारं पाणी कुठवर चढतं ते काढतो.’ मी ताडकन उठलो. आम्हाला नेमकं हेच हवं होतं! बंधारा झाला तर खारं पाणी कुठल्या गावात शिरेल, हे आकड्यानिशी सांगायचं. काका म्हणाले, "थांब, हकिगत ऐक की." मी म्हटलं, "समजलं, समजलं," आणि पळालो.

पुढे शिमगा आला. काका पालखीसाठी गावी गेले, तशी निम्मी रत्नागिरी जाते. खोलीची किल्ली मानसीकडे होती, ती तेव्हा एम.एस्सी. करत होती आणि माझ्यावर विश्वास ठेवायची चूक करत होती. तिला मी म्हटलं, काकांनी मला सगळं समजावलंय. दोन दिवसांत मी उत्तर काढलं, आणि तिसऱ्या दिवशी पत्रक छापखान्यात. ‘ऐन पावसात तुमच्या शाळेच्या विहिरीत खारं पाणी!’ पावसाळा का? कारण पावसाळा भीतीदायक वाटतो. एवढंच कारण होतं.

काका गावाहून परतले ते हातात आमचं पत्रक घेऊनच. जेटीवरच्या जनसुनावणीच्या आदल्या दिवशी ते आमच्या कचेरीत आले. कचेरी म्हणजे भाड्याची एक खोली आणि मोडकं टेबल. बगलेत कॉम्प्युटरच्या लांबलचक घडीच्या कागदाची गुंडाळी. मी दोन वार्ताहरांपुढे बोलत होतो. ते दारात उभे राहिले, मग म्हणाले, "अरे, पाच मिनिटं..." मी म्हटलं, "काका, उद्या सुनावणी झाल्यावर निवांत बसू." ते गुंडाळी टेबलावर ठेवून गेले. "एवढं वाचून घे हां. आजच." मी हो म्हटलं. संध्याकाळी पोरांना फलक लिहायला कागद हवा होता. टेबलावर भलामोठा लांब कागद, एक बाजू कोरी... त्यावर आम्ही घोषणा लिहिल्या.

सुनावणीला हॉल भरलेला. मी बोलायला उभा राहिलो, आवाज चढवला, विहिरीपाशी आलो. आणि पुढच्या रांगेत बसलेली एक म्हातारी, खाडीवर मासे धरण्यात आयुष्य गेलेली, आमच्याच बाजूची, खो खो हसायला लागली. "अरे मेल्या, पावसात खाडी गोडी असते! नदीचा लोंढा येतो वरून. आमच्या म्हशी पितात ते पाणी. तुला कोणी सांगितलंन हे?" सगळा हॉल हसला. कंपनीचा माणूस हसला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "हा हिशोब कुठे केलात आपण?" आणि मी, निर्भीड, बेधडक म्हणून ज्याची ख्याती, मी म्हटलं, "कॉलेजच्या कॉम्प्युटरवर." म्हणजे चूक मशीनची. मग माझ्या हातातल्या फलकाची मागची बाजू मला दिसली. काकांनी पेनाने अधोरेखित केलेली ओळ होती. ‘या हिशोबात वरून नदीचं पाणी येत नाही असं धरलं आहे. म्हणून दिवाळीनंतर ते मृगापर्यंतच वापरावं. पावसाळ्यात वापरू नये, उत्तर खोटं येईल.’

कंपनीने कॉलेजला पत्र लिहिलं. प्राचार्यांनी काकांना बोलावलं. तिथे काय झालं ते मला पुष्कळ नंतर भिकाजीने सांगितलं, तो चहा घेऊन आत गेला होता. काका एवढंच म्हणाले, "माहिती मी लिहिलेली आहे. ती पोचली नाही म्हणजे माझंच चुकलं." मानसीचं नाव नाही, माझं नाव नाही. ‘वाचली नाही’ असासुद्धा शब्द नाही. दुसऱ्या महिन्यात त्यांची बदली परीक्षा विभागात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला. संगणक कक्ष बाहेरच्यांना बंद. जेटीचं म्हणाल तर ती झालीच नाही. आमच्यामुळे नाही, कंपनीलाच ती जागा नकोशी झाली. तरी गावोगाव माझे सत्कार झाले. मी नारळ घेतले, शाली घेतल्या, आणि या हकिगतीतलं अवाक्षर काढलं नाही.

काका रस्त्यात भेटायचे. पहिल्यासारखंच विचारायचे, "काय पत्रकवाले, सध्या कोणावर?" मी प्रत्येक वेळी ठरवायचो, आज बोलायचं. आणि प्रत्येक वेळी म्हणायचो, "काका, जरा घाईत आहे."

गेल्या आठवड्यात मानसीने बोलावलं. ती आता त्याच खोलीची प्रमुख आहे. जुनं मशीन काढून टाकायचंय, त्याआधी काही बघायचं असेल तर ये, म्हणाली. तिने यादी मागवली. सगळ्या हाका ओळीने उभ्या राहिल्या, मर्जीवाला आलेख, घरच्या घोषणा... आणि खाडी. ‘खाडीत खारं पाणी कुठवर चढतं ते काढतो. पावसाळा सोडून.’ शेवटचे दोन शब्द मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. मी तिला हकिगत मागवायला सांगितलं. पहिल्यांदाच. खालपर्यंत वाचली. सगळ्यात शेवटी, बदली व्हायच्या दिवशी टाकलेला मजकूर होता. ‘पावसाळ्याची सूचना पूर्वी फक्त इथे, खाली होती. घाईत असलेल्या माणसाला दिसली नाही. लिहिणाऱ्याची चूक. वर आणली आहे.’

मग मानसीला म्हटलं, याच्याखाली मला लिहायचंय. ती म्हणाली, "अरे, पुढच्या महिन्यात बंदच होणार हे. कोण वाचणार?" तरी तिने खुर्ची दिली. आयुष्यात इतकी पत्रकं लिहिली, पण त्या चार ओळींना सगळी सकाळ गेली. दारात स्टुलावर भिकाजी होता, आता निवृत्तीला आलेला. मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘लिहिणाऱ्याची चूक नव्हती. सूचना लिहिलेली होती, सांगितलेली होती, घरपोच आणून दिलेली होती. मी वाचली नाही, आणि नंतर गप्प बसलो.’ खाली माझं पूर्ण नाव.

"काय समजलं?" मी विचारलं.

भिकाजीने चष्मा काढून पुसला. "तुम्ही चुकलात. भाटकरांनी आपल्या अंगावर घेतलंनी."

मग तो उठला, हळूहळू पडद्याशी आला आणि पूर्वी काकांच्या शब्दाची वाट बघायचा तसा माझ्याकडे बघत थांबला.

"समजलं," मी म्हटलं. "मग लाव."